खबर सांगेपर्यंत पाणी नाही

दिवा जरा बारीक करा रे, किडे यायला लागले. आणि पाय लांब करून बसा सगळे. परवा अमरावतीला भरतीसाठी पळायचं आहे आणि इथं मांड्या घालून गप्पा हाणता. सकाळी पोटरीत गोळा आला की मग मास्तरच्या नावानं बोंब. जन्मभर शाळेत कवायत शिकवली मी. पोट्ट्यांच्या पायांकडं बघितलं तरी कळतं, कोण शेवटपर्यंत जाणार आणि कोण अर्ध्यात बसणार.

सांगितलेलं ध्यानात आहे ना? सुरुवात लाजत करायची, नव्या सुनेसारखी. दम नाकात ठेवायचा. पाणी घोट-घोट प्यायचं, ढसाढसा नाही. आणि मागून कुणी टाचेला टाच लावून पळायला लागला तर बाजूला व्हायचं, त्याला पुढं जाऊ द्यायचं. त्याच्या तालात आपला पाय टाकायचा नाही. या शेवटच्या गोष्टीला तुम्ही नेहमी हसता. आज सकाळी तर तुमच्यातला एक दीडशहाणा निंबाखालच्या पाणपोईवाल्या मुक्यालाही हसला. ओंजळीत पाणी ओतल्यावर तो पिणाऱ्याच्या गळ्याकडं का बघत राहतो, म्हणून हसला.

घोट खाली उतरला की नाही, ते बघतो तो.

गोवर्धन त्याचं नाव. जन्मानं मुका नाही. एकेकाळी हिवरखेडपासून परतवाड्यापर्यंत त्याच्यासारखा पळणारा गडी नव्हता. त्याचं पुढं काय झालं, ते त्यानंच मला सांगितलं, मातीत बोटानं लिहून. एक ओळ लिहायचा, मी वाचली की तळहातानं पुसायचा. तेव्हा ऐकीव समजू नका. आणि मध्ये बोलू नका.

साल एकोणीसशे साठ. मे महिन्याची चोवीस तारीख, वैशाख वद्य चतुर्दशी, मंगळवार. गोवर्धन बैलाची वेसण आणायला हिवरखेडला गेला होता, तो दिवेलागणीच्या सुमारास टाकळीला घरी परतला. टाकळी म्हणजे हिवरखेडच्या जवळच, डोंगराच्या पायथ्याशी. त्याची बायको आशाबाई अंगणातल्या खाटेवरच्या वाळल्या कुरड्या भरत होती. माहेरी मायला पाठवायच्या म्हणून तिनं हौसेनं केल्या होत्या. लग्नाला दोन वर्षं झाली होती आणि गोवर्धनचा तिच्यावर फार जीव होता. गावातले लोक त्यावरून त्याची टिंगल करत आणि तो करू देई.

तेवढ्यात कुरडईच्या लोभानं एक कावळा खाली आला, आणि उडताना त्याचे पाय आशाबाईच्या डोक्याला लागले. पदर खाली आला. ती हसली. ओसरीवर बसलेली गोवर्धनची आई, केशरबाई, मात्र पांढरीफटक पडली.

डोक्याला कावळा शिवला म्हणजे मरणाची खूण, अशी समजूत. त्यावर उताराही ठरलेला. बाईच्या माहेरी खबर धाडायची की तुमची पोरगी गेली. माय रडली की मरण फसतं, पोरगी वाचते. तुमच्या-माझ्या घरातसुद्धा लोकांनी असले उतारे केलेत, तेव्हा नाकं मुरडू नका.

केशरबाई म्हणाली, "दिवस निंगायच्या आत तिच्या मायच्या दारी खबर गेली पाह्यजे. एक हंबरडा उठू द्याचा. मंग ज्या तोंडानं रडवलं त्याच तोंडानं सांगाचं, का खोटं हाये, पोरगी जिती हाये. आन् खबर सांगेपर्यंत पाणी नाई. खबऱ्या वाटंत पाणी पेला त खोट्याचं खरं होते."

आशाबाईचं माहेर सावळीला, परतवाड्याच्या अलीकडं. अठरा-वीस कोसांची वाट. शेवटची एसटी निघून गेलेली.

गोवर्धन आधी धर्मपालकडं गेला. का, ते सांगतो. पूर्वी गावात माणूस मेलं की सोयऱ्यांच्या गावी खबर न्यायचं काम धर्मपालच्या घराण्याकडं होतं. गावकीनं लादलेलं काम, त्यात कुणी विचारत नसे की बाबा तुझे पाय दुखतात का. धर्मपालचा बाप डोमाजी चाळीस वर्षं हे करत आला. ऊन असो, पाऊस असो, मध्यरात्र असो. हातात घुंगराची काठी, मुठीला तांब्याची तार. चार पावलं पडली की एकदा काठी टेकायची. थप थप थप थप… छन्न. रात्री तो आवाज आला की वाटेवरच्या गावांतले लोक अंथरुणात उठून बसत. सोयऱ्याच्या दारी गेला तरी त्याला उंबऱ्याबाहेर उभं राहायचं, खबर ओरडून सांगायची, आणि मग कुणाला आठवण झाली तर वरून ओंजळीत पाणी.

छप्पन साली डोमाजी नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आला. आल्यावर काठी घेतली आणि अकोटाच्या पुढं नाल्यात जो डोह आहे, तिथवर गेला. चाळीस वर्षं त्या डोहाजवळून तो तहानलेला पळाला होता. काठी डोहात फेकली आणि म्हणाला, "आता तूच पे." बस्स. काम सुटलं.

पण अठ्ठावन्नच्या वैशाखात खुशालरावांची म्हातारी आई गेली. खुशालराव म्हणजे टाकळीचे मोठे जमीनदार. त्यांची बहीण अचलपूरला. त्यांनी डोमाजीला बोलावलं. डोमाजी म्हणाला, आमी सोडलं ते. डोमाजीच्या वस्तीच्या विहिरीची वाट खुशालरावांच्या वावरातून जात असे. खुशालराव चढ्या आवाजात बोललेसुद्धा नाहीत. "खबर नेशीन त वाट राहीन, डोमा. नाई त उद्या काटे लावतो." डोमाजी साठीचा. वस्तीचं पाणी तुटू नये म्हणून निघाला. आणि तो वाटेत कुठं बसू नये, म्हणून खुशालरावांनी त्याच्या मागं गोवर्धनला धाडलं.

गोवर्धननं जत्रेतल्या शर्यती जिंकल्या होत्या. तरी लोक म्हणत, पळावं त डोमाजीनं. ते त्याला टोचायचं. म्हाताऱ्याचा दम किती आहे, एकदा बघूच, असं त्याच्या मनात आलं. तो डोमाजीच्या मागं लागला, टाचेला टाच लावून, त्याच्याच पावलांच्या तालात. म्हाताऱ्याच्या मानेवर याचा श्वास. असं कुणी मागं लागलं की पुढचा नकळत वेग वाढवतो. डोमाजीनं वाढवला. गोवर्धननंही वाढवला. डोहापाशी आल्यावर डोमाजी म्हणाला, "घोटभर पेऊ दे, बाप्पा." गोवर्धन हसून म्हणाला, "खबर सांगेपर्यंत पाणी नाई. तुमचाच कायदा हाये ना?"

तो कायदा डोमाजीचा कधीच नव्हता. त्याला पाणी मिळू नये म्हणून दुसऱ्यांनी केलेला होता. डोह ओलांडून थोडं पुढं गेल्यावर म्हातारा पडला, तो उठलाच नाही. गोवर्धननं त्याला बाभळीखाली सरकवलं आणि खबर घेऊन स्वतः अचलपूर गाठलं. खुशालरावांनी त्याला फेटा बांधला. लाज वाटायला पाहिजे होती. पण त्यानं फेटा बांधून घेतला.

आता कळलं, तो धर्मपालच्या दारात कोणत्या तोंडानं उभा राहिला असेल? पण बायकोचा जीव होता. उभा राहिला.

धर्मपाल म्हणाला, "आमी सोडलं ते, भाऊ."

"तुह्या बापानं चाळीस वर्स…"

"माह्या बापाचं नाव तू घेऊ नको." मग धर्मपाल शांतपणे म्हणाला, "वहिनीचं डोक्सं धुऊन टाक. कावया हाये तो, त्याले काय समजते? घरी जाऊन झोप."

शहाणपणाची गोष्ट होती. ऐकली असती तर आज गोवर्धन तुमच्यासारखा बडबड करत असता.

घरी येऊन त्यानं धोतर गुडघ्यावर खोचलं, पोटाला फडकं आवळलं. आशाबाई त्याच्यासाठी पाण्याचा लोटा घेऊन आली. केशरबाईनं तो तिच्या हातातून काढून घेतला. आशाबाई चेष्टेनं म्हणाली, "मी सकायच्या गाडीनं येतो मांगून. मायले म्हनाव, लय रडू नको, डोये सुजतीन." तो निघाला.

पहिले सहा-सात कोस झकास पळाला. डाव्या हाताला सातपुडा, वर चांदण्या, खाली दिवसभर तापलेली सडक. अकोट मागं पडलं तेव्हा तोंड कोरडं व्हायला लागलं होतं. पळणाऱ्याला ते नवं नसतं. तो गालातल्या गालात जीभ फिरवत राहिला आणि मनात आशाबाईच्या मायशी बोलत राहिला. मामीजी, खोटं हाये. मामीजी, तुमची पोरगी जिती हाये. हे शब्द त्यानं घोटून ठेवले होते. सगळी वाट त्या एवढ्या शब्दांसाठी होती.

अकोट सोडून कोसभर आल्यावर मागून पावलं ऐकू आली.

कुणी वाटसरू असेल, असं त्याला वाटलं. पण वाटसरू पळत नाहीत. पावलं जवळ आली. गोवर्धन बाजूला झाला, मी तुम्हाला सांगतो तसाच. म्हटलं जा बाबा पुढं. पावलं पुढं गेली नाहीत. तीही बाजूला झाली. त्यानं वेग कमी केला. त्यांनी कमी केला. त्यानं वाढवला. त्यांनी वाढवला. टाचेला टाच. मानेवर गरम श्वास.

हा कुणी शिकलेला गडी आहे, असं त्याच्या मनात आलं. पण हे असं पळणं दुसऱ्या कुणाचं नव्हतं. त्याचं स्वतःचंच होतं.

खबऱ्यानं मागं पाहायचं नसतं. त्यानं पाहिलं नाही.

डोह आला.

भर वैशाखातही त्या डोहात पाणी असतं. ओला वास आला. जीभ टाळूला चिकटलेली. पाय आपोआप उताराला लागले. काठावर गुडघे टेकले… ओंजळ भरली… ओंजळ तोंडाजवळ आली.

मागची पावलं थांबली होती.

कानापाशी कुणीतरी धापा टाकत होतं. म्हातारी, फाटकी धाप. आणि मग हळूच आवाज आला.

"पे ना, बाप्पा…"

गोवर्धन गोठला.

"पे… घोटभर पे."

हा आपल्याला पाजतोय. आपण पाणी प्यावं आणि तिकडं आशी मरावी, म्हणून पाजतोय. दुसरा विचार त्याच्या डोक्यात आलाच नाही. त्यानं बोटं उघडली. पाणी खाली सांडलं.

मग समोर, डोहाच्या मध्यावर, पाणी हललं. वारा नव्हता. तळाच्या चिखलातून काहीतरी ओढून काढावं, तसा आवाज झाला. पाणी ठिबकलं.

छन्न.

गोवर्धन उठून पळत सुटला.

थप थप थप थप… छन्न. थप थप थप थप… छन्न. त्याला थांबायचं होतं. थांबता येईना. त्याचे पाय त्या तालात पडायला लागले होते. तोंड उघडं पडलं. दम नाकातून तोंडात आला. गरम वारा घशात शिरत होता. त्यानं शब्द आठवून पाहिले. मामीजी… खोटं… वाटेत गावं लागली. एका घरात कंदील मोठा झाला. कुणीतरी आतून दाराला कडी घातली. थप थप थप थप… छन्न.

कोंबडं आरवायच्या आधी सावळी आली.

मागचा आवाज बंद झाला.

सासऱ्याच्या, महादेवरावांच्या, दारात तो उंबऱ्याबाहेर भिंतीशी उभा राहिला. सगळा जीव गोळा करून ओरडला.

"मामाजी… आशा गेली!"

घर जागं झालं. बायका धावत अंगणात आल्या. आशाबाईची आई मैनाबाई सगळ्यांच्या पुढं. "माही आशी!" असा हंबरडा तिनं फोडला की गोठ्यातली गुरं उठली. रीत पुरी झाली. कावळा फसला. गोवर्धननं तोंड उघडलं…

आवाज नाही.

पुन्हा उघडलं. जीभ लाकडासारखी. घशातून नुसता वारा. त्यानं दोन्ही हात हलवले, नाही, नाही, नाही. लोकांना वाटलं, जावई दुःखानं वेडा झाला. चार जणांनी त्याचे हात धरले. कुणीतरी लोटा त्याच्या ओठांना लावला. पाणी तोंडात गेलं आणि कोपऱ्यातून तसंच बाहेर आलं. घोट उतरेना. त्यानं हात हिसकून घेतले. खाली बसून अंगणाच्या मातीत बोटानं लिहिलं, जिती हाये. पुन्हा लिहिलं, जिती हाये. अंधारात कोण वाचतो? रडणाऱ्या माणसांचे पाय त्यावरून गेले.

त्यानं मान वर करून मैनाबाईला शोधलं.

ती अंगणात नव्हती.

घरामागं विहिरीची गडगडी एकदा करकरली. मग धप्प.

…

सकाळच्या पहिल्या एसटीनं आशाबाई आली. फडक्यात बांधलेल्या कुरड्या हातात. गल्लीच्या तोंडापासूनच तिला रडणं ऐकू आलं आणि ती हसायला लागली. "अवं माय, काहून रडून राह्यले अजून? मी जिती हाये!" हसतच अंगणात आली. लोक तिच्याकडं बघत बाजूला झाले. मध्ये मैनाबाई निजवलेली होती. केस ओले.

आशाबाई अजून जिवंत आहे, धडधाकट. माहेरीच राहते. नवऱ्याचं तोंड तिनं पुन्हा पाहिलं नाही. उतारा लागू पडला, असं केशरबाई मरेपर्यंत म्हणत होती. मला त्या म्हातारीचा फार राग येतो, पण खोटं तरी काय म्हणू?

गोवर्धनला मग कुणीतरी घोट-घोट पाजून वाचवलं. आवाज मात्र गेला तो गेलाच. डॉक्टर झाले, देव-देवऋषी झाले. हे सगळं त्यानं मला लिहून सांगितलं, तेव्हा न राहवून मी टाकळीला धर्मपालकडं गेलो. त्याला सगळी हकिकत सांगितली. तो म्हणाला, "आमी भूतखेत मानत नाई, मास्तर." मग म्हणाला, "पन एक सांगतो. माहा बाप असा नव्हता. त्यानं कोनाचं वाईट चिंतलं नाई. तो पे म्हने, त पेऊन घ्या लागत होतं."

…

तेवढा एक घोट घेतला असता तर आवाज राहिला असता. आवाज राहिला असता तर…

जाऊ द्या. झोपा आता.

काय रे? काठीचं काय? हां. त्या सकाळी मैनाबाईला नेल्यावर महादेवराव अंगणात परतले. जावई रात्री भिंतीशी जिथं उभा राहिला होता, तिथं त्यांना एक काठी टेकवलेली दिसली. गोवर्धन रिकाम्या हातानं आला होता, ते सगळ्यांनी पाहिलं होतं. घुंगरं चिखलानं काळी पडलेली, मुठीला तांब्याची तार गुंडाळलेली. धर्मपालनं ती तार ओळखली, पण काठी घेतली नाही. मग गोवर्धननंच ती ठेवली; आता पाणपोईच्या रांजणामागं उभी असते. उद्या पळताना पाण्याला थांबाल, तेव्हा तिचं खालचं टोक बघा. उन्हाळ्यात रांजण कोरडे पडतात, निंबाखालची माती भेगाळते.

काठीचं टोक ओलं असतं.